हिराबाईंच्या फोनचं कुलूप

पाण्यात पडलेला फोन माझ्या दुकानात आजवर एकही आलेला नाही. सगळे एकच सांगतात, "टेबलावर ठेवला होता, आपोआप बंद पडला." मी मागचं झाकण काढते, आतून पाणी ओघळतं, गिऱ्हाईक छताकडे बघतं आणि मीही काही बोलत नाही. इतकी वर्षं मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात काढल्यावर एवढं अंगवळणी पडलंय, की फोन उघडायचा, माणसाला उघडं पाडायचं नाही.

पंचवटीत, मखमलाबाद नाक्याच्या अलीकडे माझं दुकान. सुरुवातीला लोक यायचे, मला बघायचे आणि विचारायचे, "भाऊ कुठं गेले?" भाऊ कधीच नव्हते, सोल्डरिंगचा डाग देण्यापासून डिस्प्ले बसवण्यापर्यंत सगळं मीच करते, हे पटायला त्यांना वेळ लागला. आता बायका मुद्दाम लांबून माझ्याकडे येतात. फोन दुरुस्तीला टाकायचा म्हणजे दुकानदार पॅटर्न विचारतो. घरी गेल्यावर जीव टांगणीला, की आता कोणी आपले फोटो चाळत बसलं असेल का. मी पॅटर्न विचारत नाही. स्क्रीन बसवली की गिऱ्हाइकालाच म्हणते, तुमच्या हातानं उघडून बघा. कामाला थोडा वेळ जास्त लागतो, पण झोप चांगली लागते. त्यांनाही आणि मलाही.

गेल्या काही वर्षांत या धंद्यात एक वेगळंच काम वाढलं. फोन चांगला असतो, काही बिघडलेलं नसतं. माणूस इकडे तिकडे बघतो, काउंटरवर झुकतो आणि हळूच म्हणतो, "याच्यातल्या एका ॲपला कुलूप लागतं का?"

लागतं. अख्ख्या फोनला कुलूप लावणं वेगळं आणि एखाद्याच ॲपला लावणं वेगळं. आपल्याकडे फोन कुणा एकाचा कुठे असतो? नातू खेळ खेळायला घेतो, सून भाव बघायला घेते, शेजारीण एक फोन करायला मागते. नाही म्हणता येत नाही. म्हणून फोन उघडाच ठेवायचा आणि आतल्या एखाद्या ॲपपुरतं कुलूप घालायचं. बऱ्याच फोनमध्ये ही सोय आधीपासूनच असते, फक्त सेटिंगमध्ये शोधावी लागते. लोकांना वाटतं, लपवणारा माणूस काहीतरी वाईटच लपवत असणार. माझा अनुभव तसा नाही. मधुमेह असलेले एक निवृत्त गृहस्थ आले होते, त्यांना मिठाई घरपोच मागवायचं ॲप सुनेपासून झाकायचं होतं. एका नवरा-बायकोनं वेगवेगळ्या दिवशी येऊन एकमेकांपासून फोटो लपवून घेतले. दोघंही एकमेकांच्या पन्नाशीची तयारी करत होते, हे मला दोघांच्याही बडबडीतून कळलं आणि दोघांनाही न सांगता पोटात ठेवताना माझी पुरेवाट झाली.

हिराबाई आल्या त्या एका दुपारी, फुलबाजार आटोपून. साठीच्या आसपासच्या, उंच, काटक बाई. मळ्यात गुलाब आणि शेवंती, आणि विक्रीला रोज नाशकात. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा संतोष, सून सुवर्णा, दोन नातवंडं, सगळे एकत्र. हातातला फोन त्यांनी काउंटरवर ठेवला आणि पदरानं आधी तो पुसला.

"ताई, पोरं सारखा फोन घेत्यात. संतोष बी घेतो. घेऊ दे, माझं काय म्हणणं नाय. पण ते मेसेजचं हाय ना, तेवढं माझ्यापुरतं करून दे. घरात कसं, देवघरात कुणी चप्पल घालून येत नाय, तसं."

मी आधी बोटाचा ठसा घ्यायला गेले. फोननं घेतलाच नाही. अंगठा बघितला, तर रेषाच पुसट झालेल्या. जन्मभर काटे मोडलेली, दोऱ्यात फुलं ओवलेली बोटं ती. रेशनच्या मशीनवरही आपलं बोट उमटत नाही, असं त्या हसत म्हणाल्या. मग नऊ ठिपक्यांचा पॅटर्न ठेवायचं ठरलं. "मी तोंड फिरवते, तुम्ही काढा," म्हटलं. त्यांनी काढला. पुन्हा काढून बघितला. कुलूप उघडल्यावर लहान मुलीसारख्या खूश झाल्या.

पण नुसतं कुलूप लावून भागत नाही. मेसेज आला की फोनच्या वरच्या पट्टीत नाव आणि दोन ओळी दिसतातच. दाराला कुलूप आणि खिडकी सताड उघडी. तीही मी बंद करून दिली. राहता राहिली विसरण्याची सोय. पॅटर्न विसरला तर तो बदलायला ई-मेल लागतो. हिराबाईंना कुठला ई-मेल? म्हातारी माणसं आली की मी दुकानाचाच टाकते. म्हणजे वेळ पडली तर त्यांचं कुलूप माझ्याकडून उघडू शकतं. हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्यापाशी असू दे. तुला काय करायचंय माझं."

जाता जाता त्यांनी एक नंबर दाखवला. "याला नाव टाकून दे."

"काय टाकू, मावशी?"

त्या जरा थांबल्या. "डोळ्याचा दवाखाना टाक."

मला हसू आलं, पण मी टाईप केलं. दवाखान्याचा नंबर कुलपात ठेवणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. विचारलं मात्र काहीच नाही.

पुढे त्या अधूनमधून यायच्या. लिहिता येत नव्हतं, म्हणून बटण दाबून आवाज कसा पाठवायचा ते मी शिकवलं. पहिल्यांदा त्यांनी फोन तोंडासमोर धरला आणि बाजारात हाळी द्यावी तशा जोरात ओरडल्या. "हळू बोला मावशी, ऐकणारा कानाशीच असतो," असं मी म्हटलं, तर बाई चक्क लाजल्या. येताना कधी मूठभर शेवंती आणायच्या, कधी नुसत्याच बसून जायच्या. एकदा दुकानात कोणी नसताना आपणहून म्हणाल्या, "माणसाला दिवसातून एकदा कुणीतरी 'जेवलीस का' विचारावं. घरचे विचारत्यात, नाय असं नाय. पण ते जेवणाचं विचारत्यात. माझं नाय."

मी त्यांच्यासाठी चहा सांगितला.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. फुलांचा हंगाम, सगळं घर मळ्यात. फुलं तोडता तोडता हिराबाई वाफ्यातच कोसळल्या. अर्धांगाचा झटका. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला कळलं ते संतोष दुकानात आला तेव्हा. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, हातात आईचा फोन.

"ताई, हे कुलूप तुम्हीच लावून दिलंय ना? सुवर्णा म्हणाली, आई तुमच्याकडंच यायची."

"हो. काय झालं?"

त्यानं सांगितलं. आई अतिदक्षता विभागात होती, डोळे उघडत नव्हती. डॉक्टर म्हणत होते, थांबून बघू. आणि हा फोन सारखा वाजत होता.

"डोळ्याच्या दवाखान्यातनं फोन येतोय. सारखा. मी उचलला की समोरचा कट करतो. म्हणून आईचं ऑपरेशन झालं होतं त्या डोळ्याच्या दवाखान्यात जाऊन विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडनं असा फोन कुणी करत नाय. मग कोण हाय हा? आणि मेसेजला कुलूप कशाला? ताई, आईला कुणीतरी फसवत होतं. रोज ऐकतो ना आपण, म्हाताऱ्या माणसांना फोनवर गोड बोलून काय काय करत्यात. त्या टेन्शननंच ती पडली असंल. उघडा हे."

त्याचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. आई मशीनवर, आणि फोनमध्ये एक अनोळखी माणूस. मी त्याच्या जागी असते तर मीही दुकानदाराच्या काउंटरवर मूठ आपटली असती.

मला उघडता येत नाही, असं सांगता आलं असतं. खोटं सोपं होतं. पण त्याच्या तोंडाकडे बघून ते निघेना.

"संतोषभाऊ, मला उघडता येतं. पण मी उघडणार नाही. ते त्यांचं आहे."

"माझी आई तिकडं मरणाच्या दारात हाय, आणि तुम्ही मला नियम सांगता?"

"बसा. तुमची भीती फसवणुकीची आहे ना? त्याला कुलूप उघडावं लागत नाही."

बँकेचे मेसेज वेगळे येतात, त्यांना कुलूप नव्हतं. ते त्याच्याच हातानं उघडायला लावले. मागचं सगळं आम्ही दोघांनी बघितलं. काही गेलेलं नव्हतं. कुठला कोड मागितलेला नव्हता, कुठली अनोळखी लिंक नव्हती. त्याच्या खांद्यातला ताण थोडा उतरला. पण लगेच त्यानं विचारलं, "मग कुलूप कशाला?"

"शुद्धीवर आल्या की त्यांनाच विचारा."

"आणि नाय आली तर?"

तो फोनकडे बघत होता, मी त्याच्याकडे. माझा हात दोनदा कीबोर्डकडे गेला, हेही सांगते. आई पुन्हा बोलणारच नसेल, तर तिचं शेवटचं बोलणं मुलापासून अडवून ठेवणारी मी कोण?

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर 'डोळ्याचा दवाखाना'.

संतोषनं फोन माझ्याकडे ढकलला. "तुम्ही घ्या. बाईमाणसाचा आवाज ऐकला तर बोलेल."

येणारा फोन घ्यायला कुलूप उघडावं लागत नाही. तरीही मी म्हटलं, "घेते, पण त्यांना सांगून. चोरून ऐकायचं नाही." त्यानं मान हलवली. मी फोन उचलला आणि स्पीकर लावला.

"हिराबाईंच्या फोनवरून बोलतेय. मी मोबाइलच्या दुकानातली. त्यांचा मुलगा माझ्याजवळ बसलाय आणि त्यालाही तुमचं बोलणं ऐकू येतंय."

मला वाटलं, आता कट होणार. मग एक म्हातारा, थकलेला आवाज आला. सटाण्याकडची अहिराणी.

"ताई, हिराबाई बरी शे ना? इतलंच सांगा. मंग मी फोन ठेवस."

मी संतोषकडे बघितलं. त्याचे ओठ घट्ट मिटलेले. मग तोच पुढे झुकला.

"मी तिचा मुलगा. तुम्ही कोण?"

"भाऊ, मी देवराम. सटाणाकडला. डोयाना दवाखानामा वळख व्हयनी आमनी. तिना आवाज नही ऊना, म्हनीसन जीव लागेना. बरी शे ना ती?"

डोळ्यांच्या दवाखान्यात ओळख झाली होती, आणि तिचा आवाज आला नाही म्हणून त्यांचा जीव लागत नव्हता. मग हिराबाईंनी नाव अगदीच खोटं टाकलेलं नव्हतं.

"आई दवाखान्यात हाय," संतोष म्हणाला. "झटका आला. बोलत नाय."

नंतर तो आवाज अगदी हळू आला, "मी यिऊ का, भाऊ? तुम्ही हा म्हनशात तरच यिसू."

संतोषनं फोन बंद केला. हो नाही, ना नाही. उठला, दारापर्यंत गेला, परत वळला. मला वाटलं, आता शिव्या देतो. पण त्यानं एवढंच विचारलं,

"माझ्यापासून कुलूप, ताई? मी काय तिचा वैरी होतो?"

"वैऱ्यासाठी नसतं ते."

"मग कुणासाठी?"

मी फोन पुसून त्याच्या हातात दिला. तो निघून गेला.

पुढचं सुवर्णानं सांगितलं, काही दिवसांनी चार्जर घ्यायला आली तेव्हा. संतोषनं त्याच संध्याकाळी तो नंबर आपल्या फोनवरून लावला होता आणि आई होती त्या दवाखान्याचा पत्ता सांगून लगेच ठेवून दिला होता. दुसऱ्या दिवशी एक पांढऱ्या टोपीवाले आप्पा फाटकापाशी लिंबाखाली उभे. हातात डाळिंबांची पिशवी. आत येईनात. संतोषनं त्यांना अंदाजानं ओळखलं, पण बघून न बघितल्यासारखं केलं. बाहेर गेला, आत आला, पुन्हा गेला. शेवटी चहा आणायला गेला तो दोन कप घेऊन आला आणि एक आप्पांच्या हातात दिला.

"बोलले काय?" मी विचारलं.

"काहीच नाय. चहा संपल्यावर हे म्हणाले, चला."

हिराबाईंनी तोवर डोळे उघडले होते, पण माणसं ओळखतात की नाही ते कळत नव्हतं. नर्स हाका मारायची, त्या छताकडे बघत राहायच्या. देवराम आप्पा खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले. नुसतेच. हिराबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि डावा हात, तो तेवढाच हलत होता, उचलून हळूहळू डोक्यावर पदर ओढायला लागल्या. दवाखान्याच्या कपड्याला पदर नव्हता. हात कपाळापाशीच अडखळत राहिला. "मग मीच माझी ओढणी घातली आत्यांच्या डोक्यावर," सुवर्णा म्हणाली. हे सांगताना तिनं डोळे पुसले आणि मीही चार्जर शोधायला खाली वाकले.

आप्पांची सगळी हकिकत तेव्हाच कळली. तेही एकटेच, डाळिंबाचा बाग, मुलं पुण्याकडे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाशकात आले, तेव्हा दोघांना शेजारी बसवलं होतं. एकाचा डावा डोळा झाकलेला, दुसरीचा उजवा. डोळ्यांत थेंब पडायची वाट बघत अख्खी दुपार बोलत बसले. एवढंच. लग्नाबिग्नाचं काही बोलणं नव्हतं, असं आप्पांनी स्वतःच संतोषला सांगितलं. भावकीत कुजबुज झालीच. एका काकांनी तर संतोषला "घराण्याची लाज" वगैरे ऐकवलं. त्यावर तो म्हणाला होता म्हणे, "मी दवाखान्यात होतो काका, तुम्ही कुठं होता?"

त्या प्रसंगानंतर मी कामाची रीत थोडी बदलली. कुणी म्हातारं माणूस कुलूप लावून मागायला आलं की मी विचारते, "उद्या तुम्हाला बोलता आलं नाही, तर हे कुणी उघडायचं? का कुणीच नाही?" काही जण रागावतात, अभद्र बोलू नको म्हणतात. काही विचारात पडतात. एक आजोबा म्हणाले, "कुणीच नाही. माझ्याबरोबर जाऊ दे." तेही मी लक्षात ठेवलंय. हा प्रश्न हिराबाईंना आधीच विचारला असता, तर त्या म्हाताऱ्यानं सटाण्याला काळजीत काढलेले ते दिवस तरी वाचले असते, असं वाटत राहतं.

हिराबाई घरी आल्या. उजवी बाजू लुळीच राहिली. ऐकलेलं सगळं समजायचं, पण शब्द जिभेवर यायचे नाहीत. एखादाच यायचा, तोही मोडून. थंडी संपता संपता एक दिवस संतोष त्यांना रिक्षातून दुकानात घेऊन आला. दंडाला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं. मला बघून त्या अर्ध्या तोंडानं हसल्या.

"ताई," संतोष म्हणाला, "आप्पांचे आवाज येऊन पडलेत. उजव्या हातानं तिला आता ते ठिपके जमत नायत, म्हणून ऐकता येत नाय. कुलूप काढून टाका. आता आम्हाला सगळं ठाऊक हाय, लपवायचं काय राहिलं?"

मुलगा मनापासून बोलत होता. मी फोन हातात घेतला, पण बघितलं हिराबाईंकडे.

"मावशी, काढू?"

त्यांनी मान हलवली. नाही. संतोषला वाटलं, त्यांना समजलं नाही. त्यानं पुन्हा सावकाश सांगितलं, "आई, कुलूप. काढायचं. म्हंजे तुला कधीही ऐकता येईल."

हिराबाईंनी डोळे मिटले, सगळा जोर जिभेवर आणला आणि एकेक तुकडा बाहेर काढला. "ऱ्हाऊ... दे."

मी संतोषकडे बघितलं नाही. दुकानाच्या ई-मेलवरून जुना पॅटर्न पुसून टाकला, फोन हिराबाईंच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "डाव्या हातानं जमेल असा सोपा काढा." बोट पडद्यावर घसरत होतं. सवयीनं मी तोंड फिरवलं. फिरवता फिरवता दिसलं, की संतोष उठून बाहेर गेलाय. पायरीवर उभा राहिला, दुकानाकडे पाठ करून, रस्त्यावरची वाहनं बघत.

मागे कुलूप उघडल्याचा बारीक आवाज झाला. मग सटाण्याचा तो आवाज, हळू, फोन कानाला लावल्यामुळे मला शब्द न कळण्याइतका. एक संपला की दुसरा. मी डिस्प्लेचं एक काम उगाचच पुढ्यात ओढलं.

बऱ्याच वेळानं संतोषनं पाठ न वळवताच विचारलं, "झालं का गं, आई?"

"नाय," हिराबाई म्हणाल्या. शब्द स्वच्छ आला.

तो तसाच उभा राहिला.